साक्षी सगळ्यांच्या होतात, माझीच का नाही? एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. दोन हंगाम झाले सोयाबीन घरात आलं नाही, यंदा तर पिवळं पडून शेंगाच भरल्या नाहीत. बँकेचं पीककर्ज थकलं, वरून गावातल्याच एका जणाकडून व्याजानं पैसे उचलले आणि त्यानं तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखतच करून घेतलं. नवरा घरात कोणाशी बोलत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमधे, दर रविवारी साक्षी होतात, देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोक उभं राहून सांगतात, कोणाची गाठ गेली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, आणि ताई मागं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. बायबलमधलं स्तोत्र ३४ सांगतं की परमेश्वर चांगला आहे याचा अनुभव घेऊन पाहा. त्यांनी उपवास केले, रात्र रात्र प्रार्थना केली, काही झालं नाही. आता विचारतात, माझ्या विश्वासात कमी आहे का, अजून उपवास करू का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात लहानशा मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर, आहे. घरची थोडी कोरडवाहू जमीन पण आहे, त्यामुळं कापूस-सोयाबीनचं दुःख मला दुसऱ्याकडून ऐकावं लागत नाही. अशा घरात जाऊन बसणं हेच बरीच वर्षं माझं मुख्य काम झालंय, रविवारचं प्रवचन त्यामानानं सोपं. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी यातलं आपल्याला पटेल तेवढं घ्यावं, माझी उदाहरणं बायबलमधलीच येतील कारण मला तेच येतं.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतून गेलेत. एक, देव संकटात खरंच काही करतो का आणि केलं तर मला ते कळणार कसं. दुसरा, काही झालं नाही म्हणजे चूक माझी का. लोक पहिल्याचं उत्तर द्यायला धावतात, पण तुम्हाला आतून खाऊन राहिला तो दुसरा, म्हणून तो आधी घेतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघडा. हेरोद राजा याकोबाला तलवारीनं मारतो. लोकांना ते आवडलं हे पाहून पेत्रालाही धरतो. आणि पेत्राला मात्र रात्री देवदूत येऊन बेड्यांतून सोडवून बाहेर आणतो. दोघंही प्रभू येशूचे जवळचे शिष्य, दोघांची गोष्ट एकाच अध्यायात, दोन-चार ओळींच्या अंतरानं. याकोबाचा विश्वास कमी पडला असं तिथं एक अक्षर नाही. उलट गंमत पुढं आहे, पेत्रासाठी एका घरात लोक जमून प्रार्थना करून राहिले होते, पेत्र त्या घराच्या दारात येऊन उभा राहिला, पोरीनं आत जाऊन सांगितलं तर त्याच प्रार्थना करणाऱ्या लोकांनी तिला म्हटलं, तुला वेड लागलं. ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचा विश्वास हा असा! विश्वास तोलून सुटका मिळत असती तर पेत्र आतच राहिला असता. याकोब का गेला आणि पेत्र का वाचला हे लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि त्यानं नाही सांगितलं ते मी माझ्या डोक्यानं सांगणार नाही. जो कोणी तुम्हाला सांगतो की तुमच्या घरात काही पाप लपलंय म्हणून पीक गेलं, त्याला एवढंच विचारा की मग शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या, बांधापलीकडच्या सगळ्यांचं सोयाबीन पिवळं काऊन पडलं.

आता पहिला प्रश्न. तुम्ही स्तोत्र ३४ म्हणता, तर ते कुठून आलं ते पाहू, कारण आपण ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचतो, मागं फुलं आणि डोंगर असतात, आणि वाटतं की लिहिणारा फार निवांत बसलेला असेल. स्तोत्राच्या वरच लिहिलंय की पुढं राजा झालेल्या दावीदानं वेड्याचं सोंग घेतलं आणि त्याला हाकलून दिलं तेव्हाचं हे. तो प्रसंग १ शमुवेल २१ मधे आहे. शौल राजा जिवावर उठलाय, दावीद पळत नोब गावी याजकाकडं जातो, तिथं भाकरी मागून खातो आणि त्यानंच पूर्वी मारलेल्या गल्याथ या शत्रूच्या वीराची तलवार घेतो, आणि पळून जातो कुठं तर गथला, म्हणजे गल्याथाच्याच गावात! भीतीनं माणसाला सुचेनासं होतं ते असं. तिथं ओळखला जातो. मग दाराच्या फळ्यांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो, राजा वैतागून म्हणतो माझ्याकडं काय वेड्यांची कमी आहे का, आणि हा तिथून निसटतो. ही त्याची सुटका. आकाशातून आग पडली नाही, शत्रू मेला नाही, राज्य मिळालं नाही. त्या मानहानीतून जिवंत बाहेर पडलेला माणूस म्हणतो, या गरिबानं हाक मारली आणि परमेश्वरानं ऐकलं.

तिथून तो अदुल्लामच्या गुहेत जातो आणि त्याच्याकडं सुमारे ४०० माणसं गोळा होतात. कोण माणसं ते पण लिहून ठेवलंय, अडचणीत सापडलेली, कर्जात बुडालेली, मनानं कडू झालेली. मला नेहमी वाटतं की हे स्तोत्र पहिल्यांदा ऐकणारे हेच असावेत, कारण त्यात पुढं "मुलांनो या, माझं ऐका" असंच बोलणं आहे. त्यांचं कर्ज फिटलं असं कुठं म्हटलेलं नाही. आणि पुढचं तर साक्ष देणारे कधीच सांगत नाहीत, दावीदाला भाकरी आणि तलवार दिली म्हणून शौलानं नोबच्या ८५ याजकांना मारलं. दावीद स्वतः म्हणतो की याला कारण मी झालो. म्हणजे ज्या सुटकेचं हे स्तोत्र त्याच सुटकेच्या मागं एवढं रक्त आहे. तरी स्तोत्र तिथं आहे, आणि त्यातच लिहिलंय की नीतिमानावर पुष्कळ संकटं येतात. ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं तो काय बोलून राहिला ते.

म्हणून मी माझ्या मंडळीत सांगतो की संकट संपलं म्हणजेच अनुभव आला असं धरू नका. दावीदाला काय मिळालं? जीव मिळाला, एक गुहा मिळाली, सोबतीला माणसं मिळाली आणि उद्याचा दिवस मिळाला. शौल मागं होताच, नंतरही कितीतरी दिवस.

आता मी डोळ्यानं काय पाहिलं ते. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या वर गेलेली, हवा कोंडलेली, फवारा सगळा तोंडावर. आमच्या ओळखीतला एक जण त्यात दवाखान्यात पडला. बायको तिथं बसलेली, घरी म्हातारी आणि दोन पोरं, शेतात कापूस फुटायला आलेला. मी जाऊन प्रार्थना करायचो तर ती माझ्याकडं अशी पाहायची की बापा तू आता गप बस. माणूस वाचला, पण डोळ्याला कायमचा त्रास राहिला, पहिल्यासारखं काम होत नाही. त्या बाईनं मंडळीत काही साक्ष दिली नाही आणि मी मागितली पण नाही. बऱ्याच महिन्यांनी, कापसाचा विषय निघाला असताना, ती सहज बोलून गेली, "पास्टर, मी म्हणे देव कुठी गेला. अन् तवा आमचा कापूस कोणं येचला? मी तं कोणालेच सांगतलं नोतं." वेचणी केली होती शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायांनी, त्यातल्या बऱ्याचशा बौद्ध घरच्या, दोघी-तिघी भजनी मंडळातल्या. मजुरी कोणी मागितली नाही. गावातल्या आशा सेविकेनं पोरांच्या जेवणाचं पाहिलं. हे सगळं चालू असताना त्या बाईला त्यात देव दिसला नव्हता, आणि दिसला नाही म्हणून तिचा विश्वास खोटा होता असं मी म्हणणार नाही, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेल्या माणसाला खाटेवरच्या माणसाशिवाय काही दिसत नाही. मागं वळून पाहिल्यावर दिसलं. माझ्या पाहण्यात बहुतेकांचं असंच होतं. हाक मारावी लागते तेव्हाच्या तेव्हा, उत्तर ओळखू येतं नंतर.

कोणी म्हणेल, बायांनी कापूस वेचला यात देवाचं काय? माणुसकी आहे. बरोबर आहे, माणुसकीच आहे, आणि ज्याला तेवढंच म्हणायचं त्याच्याशी मी वाद घालत नाही. मी ते देवाचं मानतो, का मानतो ते सांगतो. कृत्ये २७ मधे येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजातून चाललाय, वादळ लागतं, कितीतरी दिवस सूर्य नाही तारे नाहीत, वाचायची आशाच संपते. देवदूत पौलाला सांगतो की एकाही माणसाचा जीव जाणार नाही, फक्त जहाज जाईल. शब्द मिळाला. आता पौलानं हात जोडून बसायला हरकत नव्हती. पण खलाशी गुपचूप होडी सोडून पळायला लागले तेव्हा हाच पौल शिपायांना म्हणतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग सगळ्यांना म्हणतो दोन घास खाऊन घ्या, किती दिवस उपाशी आहात. मग गहू समुद्रात टाकतात. शेवटी जहाज फुटतं आणि ज्याला पोहता येतं तो पोहत, बाकीचे फळ्यांवर आणि मोडक्या लाकडांवर बसून काठाला लागतात, २७६ माणसं, सगळी. देवाचा शब्द तंतोतंत खरा झाला आणि तो खलाशी, शिपाई, भाकर आणि फुटक्या फळ्या यांच्यातून झाला. जहाज गेलं, गहू गेला. आपल्या भाषेत बोलायचं तर पीक गेलं, माणसं वाचली. हा अध्याय मी शेतकऱ्याच्या घरात जेवढा वाचलाय तेवढा दुसरा कोणता नाही.

पंडिता रमाबाईंचं पण डोळ्यासमोर आणा. त्यांचे स्वतःचे आई-वडील दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीनं गेले, तरुणपणी त्या भुकेल्या पोटानं देशभर पायी हिंडल्या. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई पुण्याकडून आपल्या बाजूला, तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी पोरी गोळा करून आपल्याकडं घेऊन गेल्या. त्या पोरींनी देवाला हाका मारल्या असतील तर उत्तर म्हणून आली ती एक लुगडं नेसलेली विधवा बाई. रमाबाईंचे आई-बाप मात्र परत आले नाहीत. दोन्ही खरं आहे.

आता इथून पुढं सगळं परिस्थितीवर आहे, म्हणून जपून सांगतो. आजारपणात देवाचा हात पाहणं वेगळं आणि कर्जात पाहणं वेगळं. आजारात कधी कधी खरंच डॉक्टरलाही न समजणारं घडतं, मी नाकारत नाही, पण मी त्यावर मंडप उभारत नाही. काही संकटातून या जन्मी सुटका होतच नाही, पौलानं आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा मागितलं आणि काटा राहिलाच. तुमचं संकट कर्जाचं आणि जमिनीचं आहे, यात करण्यासारखं बरंच आहे, म्हणून मी तुम्हाला नुसतं धीर धरा म्हणणार नाही.

ते खरेदीखत आधी घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि कर्जापोटी अशी जमीन लिहून घेतली असेल तर चौकशी होऊन ती परत मिळू शकते. सहकार खात्याचं ऑफिस असतं, तालुक्याला सहाय्यक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, तिथं लेखी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. व्याज दिल्याचे जे काही पुरावे असतील, फोन पेचे स्क्रीनशॉट, वहीतली नोंद, चिठ्ठी, साक्षीदार, सगळं जमा करा. मिळेलच अशी गॅरंटी मी देत नाही, कागद कसा झाला आणि पुरावा काय यावर आहे, आणि गावातल्या माणसाविरुद्ध अर्ज देणं किती जड जातं ते पण मला माहीत आहे, एकट्या जाऊ नका. आमच्याकडं एकाची जमीन अशी परत आली. तो साक्षीला उभा राहिला तेव्हा म्हणाला देवानं जमीन दिली, आणि खाली बसलेला त्याचा भाचा, ज्यानं झेरॉक्सा काढत तालुक्याच्या चकरा मारल्या होत्या, तो हसून राहिला होता. मी म्हटलं दोघांचंही बरोबर आहे.

प्रार्थना कशी करायची ते पण विचारलंय. "प्रभू कृपा कर" असं मोघम मागून सोडू नका. नाव घेऊन, आकडा घेऊन मागा, अमुक तारखेला अमुक रुपये भरायचे आहेत, मला भीती वाटते, माझा नवरा बोलत नाही. राग असेल तर राग बोला. स्तोत्र ८८ वाचून पाहा, ते अंधारातच संपतं, शेवटी काही उजेड-बिजेड नाही, तरी ते बायबलमधे ठेवलंय. एक साधी वही करा, मागितलेलं लिहा, पुढं काय झालं ते लिहा, नाही झालं तर नाही झालं लिहा. मी हे बऱ्याच घरात सुरू करून दिलंय आणि वहीचा फायदा असा की सहा महिन्यांनी उलटून पाहिलं की न मागता आलेल्या गोष्टी सापडतात. ज्यांच्या वहीत "नाही" जास्त आहे अशीही घरं आहेत, त्यांच्याकडं मी जरा जास्त जातो.

काय करायचं नाही ते पण ऐका. पैसे पाठवा मग आशीर्वाद येईल म्हणणाऱ्या यूट्यूबवरच्या माणसाला एक रुपया देऊ नका, कर्ज काढून दान तर अजिबात नाही. हात ठेवून प्रार्थना केली म्हणून गोळी बंद करायची नाही, बीपीची नाही, झटक्याची नाही, टीबीची तर मुळीच नाही. आपल्याकडं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बरेच आहेत, त्यांच्या बाबतीत तर हा आचरटपणा जिवावर बेततो. आणि खोटी साक्ष देऊ नका. बाकीच्या देऊन राहिल्या म्हणून आपण पण काहीतरी जोडून सांगावं असा मोह होतो, विशेषतः पास्टर माईक घेऊन तुमच्याकडं पाहत असला की. तुमच्या पाळकांना माझ्याकडून सांगा की साक्षीच्या वेळेत दहा मिनिटं "अजून झालं नाही" म्हणणाऱ्यांसाठी ठेवा, आम्ही ठेवतो. पहिले काही रविवार कोणीच उठत नाही, मग एक जण उठतो, आणि मग कळतं की अर्धी मंडळी याच रांगेत बसली होती.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला सगळ्यात जास्त टोचली, नवरा बोलत नाही. ताई, उपवासाच्या आधी हे पाहा. घरात, गोठ्यात, माळ्यावर फवारणीचं जे औषध उरलंय ते आजच घरातून हलवा, शेजारी विश्वासाच्या माणसाकडं कुलपात ठेवायला द्या, कारण विचारलं तर लेकरांचं निमित्त सांगा. नवऱ्याला सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बऱ्याच माणसांना कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण लावू शकता. आणि तुमच्या पाळकांना किंवा नवऱ्याच्या जुन्या मित्राला घरी बोलवा, प्रार्थनेलाच असं नाही, चहाला, शेतात चक्कर मारायला. पुरुष माणूस घरात बोलत नाही तो धुऱ्यावर बोलतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्या वेळेला वचन सांगायची घाई कोणी करू नये, मी पण करत नाही.

राहिला उपवास. करायचा असला तर करा, पण देवाला पटवायला म्हणून नको, आणि वेचणीच्या किंवा सवंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत दिवसभर उन्हात काम करून तर नकोच. अंगात रक्त कमी असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि तुम्ही लिहिलंय की सासूबाई पण सोबत धरतात, त्यांना शुगर आहे ना? त्यांना वेळेवर जेवू द्या. तुमचा तालुका कोणता ते कळवा, तिकडं अर्जाच्या कामात सोबत येईल असं कोणी ओळखीचं आहे का ते मी विचारून पाहतो.